बार्शीचे आकडे, चेंगलपट्टूची लस आणि मॉडरेटरची पारख

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल संशोधकांच्या जगात दोन कामांमुळे ओळखले जाते. पहिले काम म्हणजे १९८७ साली तिथे सुरू झालेली ग्रामीण कर्करोग नोंदणी. दुसरे काम शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातले. तिथे १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीची चाचणी झाली. मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे हॉस्पिटल आणि फ्रान्समधील लिआँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ती केली. गावांचे ५२ समूह पाडले आणि ते चार गटांत चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वाटले. एका गटात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात ‘व्हीआयए’, म्हणजे गर्भाशयमुखाला पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली पाहणी, आणि चौथ्यात नेहमीची आरोग्यसेवा.

२००९ साली निकाल छापून आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. व्हीआयए गटात मात्र हॅझर्ड रेशो ०.८६ होता आणि त्याचा ९५ टक्के विश्वास-अंतराल ०.६० ते १.२५. रेशो १ असेल तर फरक नाही, १ पेक्षा कमी असेल तर फायदा. इथे अंतरालाने १ ची रेघ ओलांडली होती, म्हणजे फायदा सिद्ध झाला नाही.

गंमत अशी, की याच व्हीआयएने तमिळनाडूत आणि मुंबईत फायदा दाखवला. दिंडिगल जिल्ह्यातल्या चाचणीत (२००७) मृत्यूंचा हॅझर्ड रेशो ०.६५ आला, अंतराल ०.४७ ते ०.८९. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमधल्या चाचणीत (२०१४) मृत्युदरांचा रेशो ०.६९ आला, अंतराल ०.५४ ते ०.८८.

तपासणी एकच, देश एकच, आणि निकाल दोन तऱ्हांचे. या तिन्हींचे मेटा-अ‍ॅनालिसिस, म्हणजे निकालांची एकत्रित आकडेमोड, करायला बसलेल्या कोणाच्याही मनात पहिला प्रश्न ‘असे का?’ हाच येतो. त्या प्रश्नाचे उत्तर ज्या घटकात शोधले जाते, त्याला संख्याशास्त्रात मॉडरेटर म्हणतात. तपासणी कोणी केली, किती वेळा केली, स्त्रियांचे वय काय, वस्ती शहरी की ग्रामीण, पाठपुरावा किती वर्षे, यांतला कोणताही घटक मॉडरेटर असू शकतो. तो तपासायच्या दोन रीती आहेत. घटक गटांत मोडणारा असेल तर उपगट विश्लेषण, आणि मोजपट्टीवर बसणारा असेल तर मेटा-रिग्रेशन, म्हणजे घटक बदलतो तसा अभ्यासांतला परिणाम किती बदलतो ते काढणे. गणिताच्या दृष्टीने उपगट विश्लेषण हे मेटा-रिग्रेशनचेच साधे रूप आहे. सॉफ्टवेअर दोन्ही कामे काही सेकंदांत उरकते, पण त्या काही सेकंदांच्या आधी आणि नंतर बरेच काही करावे लागते.

आधी फरक आहे का ते पाहावे

उस्मानाबाद ‘सिद्ध नाही’ आणि दिंडिगल ‘सिद्ध’, यावरून दोन्ही ठिकाणचे परिणाम वेगळे ठरतात का? बहुतेकांचे उत्तर पटकन ‘हो’ असे येते. प्रबंधांतही हीच चूक सर्रास दिसते. एका उपगटात पी-मूल्य ०.०१, दुसऱ्यात ०.४०, म्हणजे मॉडरेटर सापडला! प्रत्यक्षात तुलना त्या दोन पी-मूल्यांची करायची नसते. दोन परिणामांमधला फरक आणि त्या फरकाची अनिश्चितता पाहायची असते.

हे गणित साध्या कॅल्क्युलेटरवर होते. प्रत्येक रेशोचा नैसर्गिक लॉग घ्यावा. अंतरालाच्या दोन टोकांच्या लॉगमधले अंतर ३.९२ ने भागले, की प्रमाणत्रुटी मिळते. उस्मानाबादचा लॉग उणे ०.१५ आणि प्रमाणत्रुटी ०.१९. दिंडिगलचा लॉग उणे ०.४३ आणि प्रमाणत्रुटी ०.१६. दोघांतला फरक ०.२८. दोन्ही प्रमाणत्रुटींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले, की या फरकाची प्रमाणत्रुटी ०.२५ येते. भागाकार १.१३, पी-मूल्य सुमारे ०.२६. म्हणजे दोन जिल्ह्यांचे निकाल वेगळे आहेत असे म्हणायला या आकड्यांत पुरेसा आधार नाही.

तिन्ही चाचण्या याच रीतीने एकत्र केल्या तर एकत्रित रेशो ०.७१ येतो, अंतराल ०.६० ते ०.८४. अभ्यासांमधली विषमता मोजणारा कॉक्रनचा क्यू १.४ येतो, स्वातंत्र्यांश २. क्यू स्वातंत्र्यांशापेक्षाही कमी असल्याने आय-स्क्वेअर, म्हणजे तफावतीतला योगायोगापलीकडचा वाटा, शून्य. ज्या तफावतीचे कारण शोधायला अभ्यासक निघाला होता, ती निव्वळ योगायोगानेही एवढी दिसू शकते.

इथे उलटी घाईही नको. अभ्यास तीनच असतील तर क्यू-चाचणीची ताकद अगदी तुटपुंजी असते, त्यामुळे आय-स्क्वेअर शून्य आला म्हणजे तिन्ही ठिकाणी परिणाम सारखाच होता असे होत नाही. एवढेच म्हणता येते, की फरक असलाच तर तो दाखवायला हा पुरावा अपुरा आहे.

तीन अभ्यास, पाच कारणे

समजा फरक खरा आहे असे क्षणभर धरले, तरी कारण कोणते निवडायचे? मुंबईत दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या, उस्मानाबाद आणि दिंडिगलमध्ये एकच. मुंबईतल्या स्त्रिया ३५ ते ६४ वयाच्या, इतर दोन ठिकाणच्या ३० ते ५९ च्या. मुंबईत प्राथमिक प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या तपासत होत्या, दिंडिगलमध्ये परिचारिका. मुंबई शहरी, बाकी दोन्ही ग्रामीण. मुंबईचा निकाल बारा वर्षांच्या पाठपुराव्याचा, इतर दोन्हींचा सात-आठ वर्षांचा.

फेऱ्या, वय, वस्ती आणि पाठपुरावा हे चारही घटक मुंबईला एका बाजूला आणि उरलेल्या दोघांना दुसऱ्या बाजूला टाकतात. त्यामुळे ‘शहरी-ग्रामीण’ असा उपगट पाडला काय आणि ‘चार फेऱ्या-एक फेरी’ असा पाडला काय, आकडे तेच येतील. नाव फक्त बदलेल. संगणक याबद्दल काही तक्रार करत नाही, तो दोन्हींचे उत्तर तितक्याच शांतपणे छापतो.

म्हणून पहिला व्यावहारिक नियम संख्येचा. मेटा-रिग्रेशनमध्ये नमुन्याचा आकार म्हणजे अभ्यासांची संख्या, रुग्णांची नव्हे. उस्मानाबादच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा इथे एक बिंदू होतो. दहापेक्षा कमी अभ्यास असतील तर मेटा-रिग्रेशनच्या वाटेला सहसा जाऊ नये, असे कॉक्रेन हँडबुक सांगते. दोन मॉडरेटर एकदम तपासायचे असतील तर वीसेक अभ्यास हाताशी हवेत. तीन अभ्यास असतील तर आकडेमोडीऐवजी एक चांगला तक्ता करावा. प्रत्येक ओळीत एक अभ्यास, प्रत्येक स्तंभात एक वैशिष्ट्य, आणि वाचकाला सगळे उघड दिसू द्यावे.

उस्मानाबादच्या चाचणीत आणखी दोन खाचखळगे आहेत. तिथे तीन तपासण्या आणि तुलनेचा गट एकच, ३१,४८८ स्त्रियांचा. कोणी एचपीव्ही, पॅप आणि व्हीआयए अशा तीन ओळी करून ‘तपासणीचा प्रकार’ हा मॉडरेटर लावला, तर त्याच ३१,४८८ स्त्रिया तीनदा मोजल्या जातात. ओळी एकमेकींपासून स्वतंत्र राहत नाहीत आणि निष्कर्ष आहे त्यापेक्षा पक्का भासतो. यावर उपाय आहेत. तुलना गटाची विभागणी करावी, किंवा ओळींमधला परस्परसंबंध मॉडेलमध्ये घालावा, किंवा नेटवर्क मेटा-अ‍ॅनालिसिस करावे. दुसरा खळगा असा, की वाटणी गावांच्या समूहांची झाली होती, एकेका स्त्रीची नव्हे. एकाच गावातल्या स्त्रियांमध्ये साम्य असते. मूळ लेखाने हे लक्षात घेऊन काढलेला अंतरालच उचलावा. मृत्यूंचे कच्चे आकडे घेऊन नव्याने गुणोत्तर काढले, तर त्या अभ्यासाला फाजील वजन मिळते.

तेरा अभ्यासांची प्रसिद्ध गोष्ट

मेटा-रिग्रेशन जिथे खरोखर शोभते, असे एक उदाहरण जगभरच्या वर्गांत शिकवले जाते, आणि त्याचे दोन महत्त्वाचे धागे दक्षिण भारतातले आहेत. ते म्हणजे क्षयरोगावरची बीसीजी लस.

ब्रिटनमध्ये शाळा संपवणाऱ्या मुलांवर १९५० साली सुरू झालेल्या चाचणीत लस घेतलेल्या १३,५९८ जणांपैकी ६२ जणांना क्षय झाला, न घेतलेल्या १२,८६७ जणांपैकी २४८ जणांना. जोखमीचे गुणोत्तर ०.२४. लस जणू रामबाण! आणि मग चेन्नईजवळच्या चेंगलपट्टूचा निकाल आला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९६८ मध्ये सुरू केलेल्या या चाचणीचे आकडे १९८० मध्ये छापले गेले. दोन्ही बाजूंना ८८,३९१ माणसे. लस घेतलेल्यांत ५०५ रुग्ण, न घेतलेल्यांत ४९९. गुणोत्तर १.०१. संरक्षण शून्य. आंध्रातल्या मदनपल्लीच्या चाचणीत ते ०.८० आले होते.

१९९४ साली ग्रॅहम कोल्डिट्झ आणि सहकाऱ्यांनी अशा तेरा चाचण्या एकत्र केल्या. एकूण माणसे ३,५७,३४७. मेटा-रिग्रेशनच्या दृष्टीने मात्र नमुना तेराच. खरा परिणाम ठिकाणागणिक वेगळा असू शकतो असे धरणाऱ्या रँडम-इफेक्ट्स मॉडेलने सरासरी गुणोत्तर ०.४९ येते, अंतराल ०.३४ ते ०.७०, आणि आय-स्क्वेअर तब्बल ९२ टक्के. पुढच्या एखाद्या ठिकाणी गुणोत्तर काय असेल याचा अंदाज-अंतराल ०.१५ ते १.५५ इतका लांबरुंद आहे. त्यात उत्तम संरक्षणही बसते आणि काहीच उपयोग नसणेही बसते. सरासरीवर थांबता येणार नाही, असे इथे आकडेच सांगतात. व्हीआयएच्या तीन चाचण्या आणि हे उदाहरण यांतला फरक हा आहे.

संशोधकांनी तपासलेला मॉडरेटर होता अक्षांश. विषुववृत्तापासून दूरच्या देशांत लस चांगली चालते, जवळच्या देशांत नाही, असा संशय आधीपासून होता. मेटा-रिग्रेशनमध्ये प्रत्येक अंशामागे लॉग-गुणोत्तर ०.०२९ ने घटते. म्हणजे विषुववृत्तापासून दर दहा अंश दूर सरकले, की जोखमीचे गुणोत्तर सुमारे चतुर्थांशाने कमी होते. अभ्यासांमधली विचरणता, म्हणजे टाऊ-स्क्वेअर, ०.३१३ वरून ०.०७६ वर येते. तफावतीचा ७६ टक्के भाग एकट्या अक्षांशाने समजावला, असे त्याचे वाचन करतात.

हे सगळे आकडे कोणालाही घरी पडताळता येतात. ‘आर’ ही प्रणाली मोफत आहे, तिच्यातले ‘मेटाफॉर’ हे पॅकेजही मोफत आहे, आणि या तेरा चाचण्यांची आकडेवारी त्याच्यासोबत सरावासाठी मिळते. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातला पदव्युत्तर विद्यार्थी असो वा विद्यापीठातला संशोधक, स्वतःच्या प्रबंधाला हात घालण्याआधी हे उदाहरण एकदा बोटांखालून गेलेले बरे.

उपगट: दिसते तेवढे नसते

त्याच तेरा चाचण्यांवर उपगट विश्लेषणाचाही धडा मिळतो. त्यांपैकी सात चाचण्यांत माणसांची वाटणी यादृच्छिक होती, दोनांत एकाआड एक, आणि चारांत एखाद्या ठरावीक नियमाने. तीन उपगटांची गुणोत्तरे येतात ०.३८, ०.६० आणि ०.६५. फॉरेस्ट प्लॉट या आलेखावर उपगटांचे निकाल दाखवणारे हे तीन हिरे पाहिले, की ‘यादृच्छिक वाटणीत लस जास्त परिणामकारक’ असे वाक्य ओठांवर येतेच. पण उपगटांमधल्या फरकाची चाचणी केली तर पी-मूल्य ०.४१. तीन हिऱ्यांमधले अंतर अशा विखुरलेल्या आकड्यांत सहज पडू शकते.

उपगट करताना काही गोष्टी आधीच ठरवाव्या लागतात. प्रत्येक उपगटाची टाऊ-स्क्वेअर वेगळी काढायची की सर्वांची मिळून एक? उपगटात दोन-तीनच अभ्यास असतील तर वेगळ्या टाऊ-स्क्वेअरचा अंदाज फारच डळमळीत येतो, तेव्हा सामाईक घेणे बरे. सलग मोजता येणाऱ्या घटकाचे गट पाडू नयेत. अक्षांशाचे ‘३० अंशांच्या वर’ आणि ‘खाली’ असे दोन तुकडे केले, की १३ आणि २७ अंश एकाच पारड्यात पडतात, आणि ३० ऐवजी ३५ चा आकडा धरला असता तर काय झाले असते, हा प्रश्न कायमचा चिकटतो.

आणि फार गट पाडू नयेत. हृदयविकाराच्या झटक्यावर अ‍ॅस्पिरिन तपासणाऱ्या इसिस-२ या प्रचंड चाचणीच्या संशोधकांनी १९८८ मध्ये मुद्दाम रुग्णांचे राशीनुसार गट केले. अ‍ॅस्पिरिनचा एकूण फायदा ठळक होता, पण मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांत तो दिसेना, उलट किंचित तोटाच दिसला. पंचांग पाहून गोळी द्यायची नसते, हे दाखवण्यासाठीच त्यांनी तो तक्ता छापला होता. हिशेब सोपा आहे. प्रत्यक्षात काहीच फरक नसताना दहा वेगवेगळे मॉडरेटर पाच टक्के पातळीवर तपासले, तर किमान एक तरी ‘सापडण्याची’ शक्यता ४० टक्के असते.

यावर उतारा म्हणजे आधी लिहून ठेवणे. कोणते मॉडरेटर तपासणार, का तपासणार, आणि परिणाम कोणत्या दिशेला जाईल असे वाटते, हे अभ्यास गोळा करण्यापूर्वी प्रोटोकॉलमध्ये उतरवावे. आरोग्यविषयक परीक्षणांसाठी प्रॉस्पेरो या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत तो मोफत नोंदवता येतो. आकडे पाहिल्यावर सुचलेला मॉडरेटर टाकून देण्याची गरज नाही, पण तो नंतर सुचला हे अहवालात स्पष्ट म्हणावे.

अक्षांश की आणखी काही?

आता पुन्हा बीसीजीकडे. सोलापूरचा अक्षांश सुमारे १७.७ अंश. समीकरणात तो घातला तर गुणोत्तराचा अंदाज ०.७७ येतो. जवळजवळ याच अक्षांशावरच्या, म्हणजे १८ अंशांवरच्या, प्वेर्तो रिकोतल्या चाचणीत गुणोत्तर ०.७१ आले होते. अंदाज आणि अनुभव जुळले म्हणून खूश व्हावे, तोच नजर हैतीवर पडते. तोही कॅरिबियन समुद्रातल्या बेटावरचा देश, अक्षांश १९, आणि गुणोत्तर ०.२०. एका अंशाचा फरक, आणि एका ठिकाणी जोखीम तीन दशांशाने घटली, तर दुसऱ्या ठिकाणी चार पंचमांशाने. अक्षांश लक्षात घेतल्यावरही उरलेली विषमता ६८ टक्के आहे, ती अशी डोळ्यांना दिसते. तेरा अभ्यासांवरून काढलेला ‘७६ टक्के समजावले’ हा आकडाही पक्क्या दगडावरची रेघ मानू नये. अभ्यास थोडे असताना तो बराच हलतो.

शिवाय अक्षांश स्वतः कोणाला आजारी पाडत नाही आणि वाचवतही नाही. तो कशाचा तरी दाखला असतो. उष्ण प्रदेशात माती-पाण्यातल्या क्षयरोगाच्या भाईबंद जंतूंशी माणसांचा आधीच संपर्क येतो आणि लशीचा वेगळा परिणाम उरत नाही, हे एक स्पष्टीकरण. लस साठवण्याच्या सोयी, लस देतानाचे वय, आधीच संसर्ग झालेल्यांना ट्युबरक्युलिन चाचणीने किती कसोशीने वगळले, हेही देशागणिक बदलत गेले. २०१४ साली पुनम मंगतानी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या नव्या परीक्षणात आधी संसर्ग नसणे या मुद्द्याला महत्त्व आले. नवजात बाळांत आणि कसोशीने चाचणी करून निवडलेल्या शाळकरी मुलांत संरक्षण चांगले दिसले.

आणखी एक घटक अक्षांशाच्या सावलीत लपला आहे, तो म्हणजे काळ. तेरापैकी १९६१ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या पाचही चाचण्या ४२ अंश किंवा त्याहून वरच्या अक्षांशांवरच्या. नंतरच्या आठांत फक्त ब्रिटनची चाचणी तशी. म्हणजे ‘जुनी चाचणी’ आणि ‘थंड देश’ हे बरेचसे एकच झाले. ब्रिटनची चाचणी तरी नवी कशी म्हणायची? ती छापून आली १९७७ मध्ये, सुरू झाली होती १९५० मध्ये. प्रकाशनाचे वर्ष मॉडरेटर म्हणून फुकट मिळते, म्हणून ते अनेकदा वापरले जाते. त्याचा अर्थ काय, याचा विचार क्वचित होतो. मॉडरेटर निवडण्यापूर्वी सगळ्या घटकांचा आपसातला संबंध एका तक्त्यात मांडून पाहिला, तर असे जोडीदार लगेच उघडे पडतात.

अभ्यासांमधली ही तुलना निरीक्षणात्मक असते, मूळ चाचण्या कितीही काटेकोर यादृच्छिक असोत. माणसांना लस चिठ्ठी टाकून दिली, पण अक्षांश कोणी चिठ्ठी टाकून वाटला नव्हता.

गावाचे गणित माणसाला लावू नये

सर्वांत मोठी फसगत इथे होते. ‘विषुववृत्ताजवळ बीसीजी कमी चालते’ हे वाक्य ऐकून सोलापुरातल्या एखाद्या आईने बाळाला लस टोचायची की नाही असा विचार केला, तर संख्याशास्त्राने तिचे नुकसान केले असे होईल. तेरा चाचण्यांतले निष्कर्ष सर्व वयोगटांतल्या क्षयाबद्दल, बहुतांशी फुफ्फुसाच्या क्षयाबद्दल आहेत. लहान मुलांना होणारा मेंदूच्या आवरणाचा क्षय आणि अंगभर पसरणारा मिलिअरी क्षय यांपासून बीसीजी चांगले संरक्षण देते. म्हणूनच भारतात ती जन्मतःच देतात.

अभ्यासांच्या पातळीवरचा कल व्यक्तीच्या पातळीवर तसाच असेल असे नाही. डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्येच अमेरिकेच्या जनगणनेवरून हे दाखवले. परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण जास्त असलेल्या राज्यांत निरक्षरता कमी दिसत होती, पण एकेक व्यक्ती पाहिली तर परदेशात जन्मलेल्यांतच निरक्षरता थोडी जास्त होती. ते स्थायिक होत होते मुळात साक्षर राज्यांत. मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये ‘रुग्णांचे सरासरी वय’ किंवा ‘स्त्रियांची टक्केवारी’ हे मॉडरेटर लावणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण मनाशी ठेवावे. वयाचा खरा परिणाम पाहायचा असेल तर प्रत्येक चाचणीच्या आतली तुलना हवी, आणि त्यासाठी मूळ संशोधकांकडून रुग्णवार आकडेवारी मागावी लागते.

तुलना गटातली मूळ जोखीम हा मॉडरेटरही असाच फसवा. जोखमीच्या गुणोत्तराच्या छेदात तीच जोखीम असते. एकाच आकड्याला दोन्ही अक्षांवर बसवल्यावर काही ना काही नाते दिसणारच. त्यासाठी वेगळी मॉडेल्स आहेत, साधे मेटा-रिग्रेशन पुरत नाही.

प्रत्यक्ष हिशेब आणि लेखन

सॉफ्टवेअरपुढे बसल्यावर करायच्या गोष्टी मोजक्या आहेत. मॉडेल रँडम-इफेक्ट्सचे घ्यावे. उरलेली विषमता नाही असे गृहीत धरले तर पी-मूल्ये खोटी लहान येतात. अभ्यास थोडे असतील तर नॅप-हार्टुंग सुधारणा लावावी, तिने अंतराल बहुतेक वेळा रुंद होतो आणि तो व्हायलाच हवा. सलग मॉडरेटर सरासरीभोवती केंद्रित करावा. बीसीजीच्या समीकरणात अक्षांश तसाच ठेवला तर स्थिरांक ०.२५ येतो. त्याचा शब्दशः अर्थ, विषुववृत्तावर लस घेतलेल्यांत जोखीम २९ टक्क्यांनी जास्त! या तेरांपैकी एकही चाचणी विषुववृत्तावरची नाही, सर्वांत जवळची १३ अंशांवरची. अक्षांशातून सरासरी ३३.५ वजा केले, की स्थिरांकाचा अर्थ ‘सरासरी अक्षांशावर गुणोत्तर ०.४९’ असा सरळ होतो.

त्यानंतर बबल प्लॉट काढावा. प्रत्येक अभ्यासाचे वर्तुळ, त्याच्या अचूकतेनुसार लहान-मोठे, आणि मधून जाणारी रेघ. एकेक अभ्यास वगळून रेघ किती कलंडते तेही पाहावे. एखाद्याच वर्तुळावर सगळा उतार टांगलेला असेल, तर ते लपवू नये.

अहवालात प्रत्येक मॉडरेटरपुढे अभ्यासांची संख्या, गुणांक, त्याचा अंतराल, उरलेली टाऊ-स्क्वेअर आणि तो मॉडरेटर आधी ठरला होता की नंतर, एवढे द्यावे. काही न सापडलेले मॉडरेटरही त्याच तक्त्यात यावेत. वाक्यरचना जपून करावी. ‘अक्षांशामुळे परिणाम कमी झाला’ असे न लिहिता ‘कमी अक्षांशावरच्या चाचण्यांत परिणाम कमी आढळला’ असे लिहावे.

व्हीआयएच्या तीन चाचण्यांवर सोलापुरातल्या कोणी उद्या लिहायला घेतले, तर निष्कर्षाचा परिच्छेद साधारण असा होईल: तीन भारतीय चाचण्यांत व्हीआयए तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू एकत्रितपणे सुमारे २९ टक्क्यांनी कमी आढळले; तिन्हींमध्ये विषमता दिसली नाही, पण ती ओळखण्याची क्षमता कमी होती; फेऱ्यांची संख्या, वस्ती, वय आणि पाठपुरावा हे घटक एकमेकांत गुंतलेले असल्याने मॉडरेटरचे विश्लेषण केले नाही. त्या शेवटच्या अर्धविरामानंतरचे वाक्य परीक्षकाला उणे वाटेल या भीतीने अनेक जण गाळतात आणि त्याजागी शहरी-ग्रामीण असा उपगट घालतात. ते गाळू नये. त्याखाली तिन्ही चाचण्यांची वैशिष्ट्ये मांडलेला तक्ता जोडावा, आणि चौथी चाचणी झाली तर तिची ओळख लिहायला एक ओळ मोकळी ठेवावी.